अर्जदार कोण?

दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असं संपादक मंडळींनी सुचवलं, तेव्हा माझी मुलगी बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, "आई, हू विल रीड अबाउट डिव्होर्स पेपर्स इन दिवाळी?" तिचंही बरोबरच आहे. चकली हातात घेऊन घटस्फोटाच्या हुकूमनाम्याबद्दल कोण वाचणार? पण मला दुसरं काही येतही नाही. बावीस वर्षं मी दुबईच्या 'बर दुबई' भागात, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, एका टायपिंग सेंटरमध्ये बसून लोकांचे घटस्फोट शोधले. शोधले म्हणजे घडवून आणले नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या इमारतीत काही बायका मला बघून नवऱ्याला आत पाठवायच्या.

टायपिंग सेंटर म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. भारतातल्या वाचकांसाठी सांगते. सरकारी अर्ज अरबीत भरून द्यायचे, व्हिसाची कागदपत्रं लावायची, कोणत्या खिडकीवर काय लागतं ते सांगायचं, असं हे दुकान. आमचे मालक मलबारी, कोयासाहेब. मी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं कोकणातल्या एका जिल्हा न्यायालयात नक्कल विभागात कारकून होते. नवऱ्याला अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली आणि मी राजीनामा देऊन इकडे आले. कोयासाहेबांनी मुलाखतीत विचारलं, "अरबी टायपिंग आता है?" मी म्हटलं, नाही. "फिर क्या आता है?" मी म्हटलं, कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून हरवलेला कागद काढून आणता येतो. त्यांनी थोडा विचार केला आणि कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. त्या टेबलावरून मी थेट निवृत्तच झाले.

घटस्फोटाचा कागद लागतो कुणाला? ज्या बाईला मुलांचा व्हिसा स्वतःच्या नावावर काढायचा असतो तिला. ज्याला पुन्हा लग्न करायचं असतं त्याला. जिला पासपोर्टवरचं नाव बदलायचं असतं तिला. ज्यांचा घटस्फोट इथल्या कोर्टात झाला त्यांचं सोपं असतं. आता सगळं मोबाईलवर आहे, ओळखपत्राने लॉगिन करायचं, अर्ज टाकायचा, खलास. खरी कसरत भारतातल्या जुन्या निकालांची. लोकांना वाटतं नाव सांगितलं की कागद निघतो. तसं नसतं. आधी कोर्ट कोणतं ते ठरवावं लागतं. लग्न कुठे लागलं, दोघं शेवटी एकत्र कुठे राहिले, आणि अर्ज करताना बायको कुठे राहत होती, हे तीन प्रश्न मी प्रत्येकाला विचारायचे. मग वर्ष. वर्ष कुणालाच आठवत नाही. "धाकटी तेव्हा बालवाडीत होती," असं सांगतात. त्यावरून मी वर्ष काढायचे. मग निकाली प्रकरणांच्या नोंदवहीत नाव शोधायचं, नंबर मिळाला की नकलेचा अर्ज, आणि नक्कल मिळाली की मुंबईतला शिक्का, दिल्लीतला शिक्का, वकिलातीचा शिक्का, इथे आल्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, आणि शेवटी अरबी भाषांतर. एका मोडलेल्या संसाराला इतके शिक्के, की संसार उभा करताना एवढी कागदपत्रं मागितली असती तर निम्मी लग्नं झालीच नसती, असं मी म्हणायचे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेली सोडचिठ्ठी घेऊन आले. दोन महिन्यांनी त्यांचं दुसरं लग्न ठरलेलं. मी त्यांना सांगितलं, हा घटस्फोट नाही, कायद्याने तुम्ही अजून पहिल्या बाईंचे नवरे आहात. ते इतके तापले की कोयासाहेबांना उठून यावं लागलं. दीडेक वर्षाने तेच गृहस्थ कोर्टाचा खरा हुकूमनामा आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. पेढे मी खाल्ले, पण त्यांनी माफी काही मागितली नाही.

पण मला लिहायचंय ते दीपकबद्दल आणि त्याच्या आईबद्दल.

दीपक अबुधाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचा. एसी प्लांटचा सर्व्हिस इंजिनियर, वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, बायको आणि दोन मुली. कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून शनिवारी सुट्टी बघून दुबईला आला. आई गावी एकटी राहायची. न्हाणीत पडून तिचं मनगट मोडलं आणि दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. तेव्हा तो जाऊन तिला व्हिजिट व्हिसावर घेऊन आला होता. आता तिला कायमचं ठेवून घ्यायचं होतं. पण इथला नियम असा, की मुलगा आईवडील दोघांना मिळूनच ठेवून घेऊ शकतो. एकालाच ठेवायचं असेल तर दुसऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा किंवा घटस्फोटाचा कागद.

दीपकला मी वडिलांबद्दल विचारलं. त्याने खाली बघत सांगितलं, की तो चार वर्षांचा असताना वडिलांनी आईला टाकून दिलं. पुढे ते गुजरातेत कुठेतरी गेले, आहेत की नाहीत ठाऊक नाही. कोर्टात काहीतरी झालं होतं एवढं आई कधीतरी बोलली होती. कागद होता, तो पुरात गेला. त्याने गावाकडच्या मित्राला तालुक्याच्या कोर्टात पाठवलं होतं. तिथे काही सापडलं नाही.

मी म्हटलं, सापडणार नाहीच. त्या काळी तालुक्याच्या त्या कोर्टात घटस्फोट चालत नसत, त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागे. हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मी आमच्या ओळखीच्या सुर्वे वकीलबाईंना जिल्ह्याच्या कोर्टात नोंदवही बघायला सांगितलं. त्यांनी आठवडाभर, मधली सुट्टी झाली की जाऊन, सहा वर्षांच्या वह्या चाळल्या. वडिलांचं नाव वसंत, म्हणून 'व'ची सगळी पानं बघितली. काही नाही. व्हिजिट व्हिसाचे दिवस भराभर चालले होते.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगते. जुन्या नोंदवहीच्या सूचीत प्रकरण सापडतं ते अर्जदाराच्या नावावर, म्हणजे ज्याने दावा टाकला त्याच्या. ज्याच्यावर टाकला तो जाबदेणार, त्याचं नाव सूचीत नसतं. नवऱ्याने बायकोला टाकलं, हे दीपक सांगत होता, म्हणून आम्ही नवऱ्यालाच अर्जदार धरून बसलो होतो. इतक्या वर्षांचा अनुभव असून मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. मी दीपकला फोन केला आणि म्हटलं, आईंना घेऊन ये, आणि त्यांच्याशी मला एकटीला बोलू दे.

अनसूयाबाई आल्या. नऊवारी नेसलेल्या, हाताला प्लास्टर, पायात सुनेने घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. दीपकला मी चहा आणायला पाठवलं. मग त्यांना विचारलं, "ताई, कोर्टात अर्ज कुणी केला होता?"

दीपक गल्लीत दिसेनासा झाला का, ते त्यांनी वळून बघितलं. मग म्हणाल्या, "मी."

मी पेन खाली ठेवलं. त्या हळूहळू सांगू लागल्या. नवरा मारायचा. ते त्यांनी सहा वर्षं सोसलं. एक दिवस त्याने चार वर्षांच्या दीपकला उचलून ओट्यावरून खाली फेकलं. पोराच्या कपाळाला खोक पडली. त्या रात्री त्या माहेरी आल्या, आणि भावाने परत जा म्हटल्यावर, शेजारच्या मास्तरांना विचारून कोर्टात गेल्या. शिक्षण सातवी. दर तारखेला एसटीने जिल्ह्याला जायच्या, पोराला कडेवर घेऊन.

मी विचारलं, मग दीपकला हे का सांगितलं नाही?

"बाई, नवऱ्यानं टाकली म्हटलं की गाव पीठ-मीठ देतं," त्या म्हणाल्या. "मीच सोडला म्हटलं असतं तर दार लावून घेतलं असतं. पोराला शाळेत घालायचं होतं, पुढं लगीन करायचं होतं. म्हणून मी टाकलेलीच राहिले."

आणि मग त्यांनी मला विनवलं, की दीपकला यातलं काही कळू देऊ नका. मी त्यांना खरं ते सांगितलं. हुकूमनामा एकाच पानाचा असतो, पण त्याच्या डोक्यावरच अर्जदार कोण आणि जाबदेणार कोण ते लिहिलेलं असतं. ते मला झाकता येणार नाही आणि मी झाकणारही नाही. तेव्हा कागद यायच्या आत तुम्हीच त्याला सांगा. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, बघते. वकीलबाईंना नक्कल काढता यावी म्हणून द्यायच्या अधिकारपत्रावर त्यांनी डाव्या हाताने सही केली, कारण उजवा प्लास्टरमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी सुर्वे वकीलबाईंनी 'अ'चं पान उघडलं. अनसूया, चौथ्या ओळीत. त्यांनी मला फोन केला तेव्हा मी टेबलावर हात आपटला आणि कोयासाहेबांनी विचारलं, "क्या हुआ, मिल गया?" मी म्हटलं, मिल गया. चाळीस वर्षांपूर्वीचा कागद, समुद्रापलीकडे बसून, एका प्रश्नावर सापडला होता. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला.

आणि त्याच अभिमानात माझ्या हातून चूक झाली.

त्या काळचे बाकी कागद नष्ट करतात, पण निकालपत्र आणि हुकूमनामा जपून ठेवतात. व्हिसाला एकपानी हुकूमनामा पुरतो. निकालपत्रात मात्र सगळी हकीकत असते: कोण काय म्हणालं, साक्षी काय झाल्या, न्यायाधीशांना काय पटलं. मुलाच्या ताब्याचा उल्लेख कुणी मागितला तर असावा, म्हणून मी दोन्हींची नक्कल मागवली. आणि सुर्वे वकीलबाईंनी स्कॅन कुणाला पाठवू असं विचारलं, तेव्हा सवयीप्रमाणे मी गिऱ्हाइकाचा नंबर दिला. म्हणजे दीपकचा.

त्याने साइटवर, जेवणाच्या सुट्टीत, मोबाईलवर सगळी नऊ पानं वाचली. अनसूयाबाईंनी त्याला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी तो एकटा दुकानात आला. कामाच्या कपड्यांतच होता. खुर्चीवर बसला आणि मोबाईल माझ्यापुढे ठेवून विचारलं, "ताई, हे खरं आहे का?"

मी म्हटलं, "कोर्टाचा शिक्का आहे."

त्याने एक पान मोठं करून दाखवलं. तिथे न्यायाधीशांनी नोंद केली होती, की अंतिम सुनावणीच्या दिवशी अर्जदाराचे वकील गैरहजर राहिले, तारीख पुढे देऊ केली असता अर्जदाराने ती नाकारली आणि स्वतः उभी राहून आपली बाजू मांडली. पुढे होतं, की पोटगी मागायचा हक्क समजावून सांगूनही तिने पोटगी मागितली नाही, फक्त मुलाचा ताबा मागितला. नक्कल विभागात मी हजारो निकाल बघितले, पण सातवी शिकलेल्या बाईने वकिलाशिवाय स्वतःचा खटला शेवटाला नेल्याचा दुसरा निकाल मला आठवत नाही.

दीपक कपाळावर उजव्या भुवईच्या वर बोट फिरवत होता. तिथे जुनी खूण होती. तो म्हणाला, त्याला लहानपणापासून सांगितलं होतं, की ही पडल्याची खूण आहे. आणि मग जे बोलला ते मी विसरू शकत नाही. शाळेत पोरं त्याला टाकलेलीचा पोरगा म्हणायची. तेव्हा त्याला वडिलांचा राग यायचाच, पण आईचाही यायचा, की हिला एक माणूस धरून ठेवता आला नाही. दहावीत असताना त्याने हे तिला तोंडावर म्हटलं होतं. ती भाकरी थापत राहिली होती.

मी त्याला म्हटलं, हा कागद आधी तुझ्या हातात पडायला नको होता, ही माझी चूक आहे. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो उठला आणि गाडी घेऊन थेट घरी गेला.

घरी काय झालं ते मला त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. दीपक आत गेला, आई टीव्हीसमोर बसली होती, तिच्या पायाशी फरशीवर जाऊन बसला. अनसूयाबाईंनी ओळखलं. त्यांनी विचारलं, "वाचलंस?" तो हो म्हणाला. मग दहावीतलं ते बोलणं आठवून तो रडला, आणि त्या त्याच्या डोक्यावर प्लास्टरचा हात ठेवून म्हणाल्या, की तुला कळू नये म्हणूनच तर सांगितलं नव्हतं, मग तुझी काय चूक.

माझ्यावर मात्र त्या रागावल्या होत्या, आणि तो राग त्यांनी लपवला नाही. पुढच्या शनिवारी दीपकबरोबर दुकानात आल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी पोटात ठेवलं होतं, बाई. तुमच्या मोबाईलनं एका मिनिटात सांगून टाकलं. पोराला कळलं ते बरंच झालं. पण सांगायचं ते मी सांगणार होते. तुम्ही मला विचारायला हवं होतं."

मी माफी मागितली. काही कारण दिलं नाही, कारण नव्हतंच. कागद कुणाच्या पैशाने निघाला हे बघून मी नंबर दिला होता, कागद कुणाच्या आयुष्याचा आहे हे बघितलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी एक नियम केला आणि निवृत्तीपर्यंत पाळला. ज्याचा घटस्फोट, त्यालाच कागद. मुलगा येवो, भाऊ येवो, नवा नवरा येवो, स्कॅन जाणार तो ज्याचं नाव वर आहे त्याच्याच मोबाईलवर. माझ्या जागी आता जी मल्याळी मुलगी बसते, तिला मी पहिल्या दिवशी हाच नियम शिकवला.

पुढचं काम नेहमीचं, पण या वेळी मी ते डोळ्यांत तेल घालून केलं. प्रमाणित नक्कल मुंबईला गेली, तिथून दिल्लीला, शिक्के घेत इकडे आली. अरबी भाषांतराच्या वेळी भाषांतर करणाऱ्या इजिप्शियन साहेबांनी अर्जदार आणि जाबदेणार उलटे लिहिले. त्यांचं म्हणणं, की असं कसं असेल, नवराच अर्ज करतो. मी त्यांच्यासमोर बसून दुरुस्ती करून घेतली. म्हटलं, "हबीबी, ही बाई अर्जदार आहे, तिचं नाव वर येऊ दे." व्हिजिट व्हिसा संपायला चार दिवस असताना अनसूयाबाईंचा राहण्याचा व्हिसा मंजूर झाला. दीपकने फोनवर सांगितलं तेव्हा मागून मुलींचा गलका ऐकू येत होता, "आजी इज स्टेइंग, आजी इज स्टेइंग!"

इथे ही हकीकत संपली असं मला वाटलं होतं. पण दोन महिन्यांनी दीपक आणि अनसूयाबाई पुन्हा आले. प्लास्टर निघालं होतं. राग थोडा निवळला होता, कारण त्यांनी माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणली होती. दीपक म्हणाला, की त्याला निकालपत्राची आणखी एक प्रमाणित नक्कल हवी आहे. मला वाटलं, एखाद्या ऑफिसने मागितली असेल. कोणत्या खिडकीवर अडलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, कुठेही अडलं नाही, ही घरी ठेवायची आहे.

माझ्या सगळ्या नोकरीत घटस्फोटाचा कागद घरी ठेवायला म्हणून कुणी मागितला नव्हता. काम झालं की लोक तो कपाटाच्या तळाशी घालतात. कित्येक जण मलाच विचारायचे, आता फाडून टाकला तर चालेल ना. मी दीपककडे पाहिलं आणि म्हटलं, आता आईंनाच विचारते. अर्ज त्यांचा आहे.

अनसूयाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मी छापील अर्ज काढला. नाव, प्रकरणाचा क्रमांक, निकालाची तारीख, सगळं भरलं. त्यात एक रकाना असतो, नक्कल कशासाठी हवी. त्या रकान्यात मी इतकी वर्षं व्हिसा, पासपोर्ट, पुनर्विवाह, शाळाप्रवेश एवढंच लिहीत आले होते. मी त्यांना विचारलं, इथे काय लिहू?

त्यांनी दीपककडे एकदा बघितलं. मग माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि नुकत्याच बऱ्या झालेल्या उजव्या हाताने, एकेक अक्षर जोडत, स्वतःच लिहिलं: नातींना वाचायला.

सुर्वे वकीलबाईंनी तो अर्ज जसाच्या तसा कोर्टात दाखल केला, आणि कोर्टाने नक्कल दिली.